वाळवंटातल्या कमानी शोधायच्या तर आधी खडक वाचा

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात पाच दिवस अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबला मुक्काम आहे. चौघं आहेत. तिघांना सह्याद्रीत भटकायची चांगली सवय आहे, सोबत सदुसष्ट वर्षांचे वडील आहेत. डेलिकेट आर्च तर बघायचीच आहे, पण फलकावर नाव नसलेल्या कमानी स्वतः शोधता येतील का? शोधायच्या कशा, आणि त्यात धोका किती?

शोधता येतात. एकट्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून जास्त कमानींची नोंद आहे आणि त्यातल्या पायवाटेला लागून असलेल्या अगदी थोड्या आहेत. मी एकवीस वर्षं या भागात हिंडतेय, आधी भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणि नंतर लोकांना सोबत घेऊन. नव्या माणसाची चूक एकच असते. तो भोक शोधत फिरतो आणि दिवसभरात दमून जातो. खडकात कच्ची रेघ कुठे आहे, भेगा कुठल्या दिशेला धावतात आणि पाणी कुठे थांबतं, हे पाहायला लागलात की कमान कुठे असणार ते आधीच कळतं. पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, हेही त्याच वाचनातून कळतं. म्हणून खडकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, वाटांबद्दल त्यानंतर.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवा. वाहत्या पाण्याने आरपार कापून तयार झालेला असतो तो नैसर्गिक पूल, बाकीच्या कमानी. आर्चेसमध्ये बहुतेक कमानी आहेत. पूल बघायचे असतील तर दक्षिणेला नॅचरल ब्रिजेस नॅशनल मॉन्युमेंटला जावं लागतं. ते संरक्षित राष्ट्रीय स्मारक १९०८ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने घोषित केलं, युटामधलं पहिलं. तिथल्या व्हाइट कॅन्यनमधला ओढा नागमोडी वाहायचा. वळसा घालता घालता त्याने मधली खडकाची मान दोन्ही बाजूंनी घासली, शेवटी ती फोडली आणि सरळ वाट धरली. वर उरला तो पूल. तिथला सिपापू २२० फूट उंच आणि २६८ फूट लांब आहे. त्याच्या खाली उभं राहिलं की एवढं काम करणारा ओढा हाच का, असा प्रश्न पडतो, कारण बहुतेक दिवस तो कोरडा असतो.

कमानीची गोष्ट वेगळी आहे आणि ती मिठापासून सुरू होते. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा भरला, पुन्हा पुन्हा आटला आणि तळाशी हजारो फूट जाडीचं मीठ साठलं. त्यावर पुढे वाळूचे, गाळाचे थर चढत गेले. मीठ दाबाखाली दगडासारखं बसून राहत नाही. ओल्या मातीसारखं सरकतं आणि वाट मिळेल तिथे वर फुगतं. ते फुगलं तेव्हा डोक्यावरचे थर वाकले, ताणले गेले आणि त्यांना एकमेकींना समांतर अशा भेगा पडल्या. नंतर पाणी आत पोचलं, मीठ विरघळलं आणि मधला भाग खचला. आज जिला सॉल्ट व्हॅली म्हणतात ती हीच खचलेली जागा. तिच्या काठांवर भेगा रुंदावत गेल्या आणि मधे उभ्या, पातळ भिंती उरल्या. माशाच्या पाठीवरच्या परासारख्या दिसतात म्हणून इथे त्यांना 'फिन' म्हणतात. तोच शब्द मी पुढे वापरते.

या फिन बहुतांश एन्ट्राडा वालुकाश्माच्या आहेत. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीची वाळू, आणि तिचे कण धरून ठेवणारा चुना. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून ते किंचित आम्ल असतं आणि हा चुना हळूहळू सोडवत जातं. सच्छिद्र थरातून ते खाली झिरपतं. खाली मातकट, घट्ट थर लागला की अडतं आणि आडवं पसरतं. तिथला चुना सगळ्यात आधी जातो. हिवाळ्यात तेच पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं. कण सुटतात, मग ढलपे सुटतात, आणि भिंतीच्या पायाशी एक कपार तयार होते. पलीकडूनही तेच चाललेलं असतं. फिन पुरेशी पातळ असेल तर एक दिवस दोन्ही कपारी भेटतात.

पण भोक पडल्यावर त्याला कमानीचा देखणा आकार कोण देतं? हे बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. २०१४ साली झेक शास्त्रज्ञ यिरी ब्रुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खाणीतल्या कच्च्या वालुकाश्माचे ठोकळे घेतले, वरून वजन ठेवलं आणि ते पाण्यात झिजू दिले. जिथे कणांवर भार होता तिथे ते एकमेकांत घट्ट अडकून राहिले, जिथे भार नव्हता तिथून ते गळून गेले. प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यात आपोआप खांब आणि कमानी उभ्या राहिल्या. म्हणजे कमानीचा बाक पाणी कोरत नाही. भार ज्या वाटेने खाली उतरतो तेवढा खडक टिकतो, बाकीचा पाणी घेऊन जातं. हे वाचल्यापासून मी कमानीकडे वेगळ्या नजरेने बघते. भोकाची कड न बघता वरचं वजन कुठून कुठे उतरतंय ते डोळ्यांनी शोधते.

आता हे वाचन जमिनीवर कसं उपयोगी पडतं ते सांगते.

आर्चेसमधल्या फिन साधारण वायव्य-आग्नेय धावतात, कारण सॉल्ट व्हॅली तशी धावते. म्हणजे भोकं ईशान्य आणि नैर्ऋत्येकडे उघडतात. दोन फिनांमधल्या गल्लीतून चालताना समोर बघून काहीच दिसणार नाही. मान सतत बाजूला वळवायला हवी. त्याहून चांगली युक्ती उन्हाची आहे. दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येला उतरतो आणि प्रत्येक फिनच्या ईशान्येला लांब सावली पडते. त्या सावलीत जमिनीवर किंवा समोरच्या भिंतीवर उन्हाचा एखादा सुटा तुकडा दिसला, तर वर बघा. तो प्रकाश कुठून तरी आरपार आलेला असतो. माझ्या वहीतल्या लहान कमानींपैकी निम्म्या तरी मी अशा, आधी उजेड बघून, गाठल्या आहेत.

दुसरी खूण थरांच्या सांध्याची. आर्चेसमधल्या विंडोज नावाच्या भागात ती डोळ्यांना लगेच दिसते. खाली तपकिरी-लाल, सुरकुतलेला, वेडावाकडा डेवी ब्रिज थर आणि त्यावर गुळगुळीत, केशरट स्लिक रॉक थर. दोघांमधली रेघ दूरवर नजरेने धरून चाला. जिथे त्या रेघेवर कपार आहे आणि फिन पातळ झाली आहे, तिथे थांबून दोन्ही बाजूंनी बघायचं.

तिसरी खूण रंगाची. जुन्या कातळावर लोखंड आणि मँगनीजचा काळपट, चकचकीत थर चढलेला असतो. तो बसायला अतिशय मोठा काळ लागतो. अशा काळ्या भिंतीत मधेच ताजा, उजळ गुलाबी चट्टा दिसला तर तिथून अलीकडे ढलपा पडलेला आहे. कमान तिथे वाढते आहे, आणि नेमकं त्याखाली डबा उघडून बसायचं नाही.

उद्यानाच्या वायव्य टोकाला, क्लोंडाइक ब्लफ्समध्ये, टॉवर आर्च आहे. जाऊन-येऊन अडीच-तीन मैल, पण गर्दी फार कमी, कारण तिथे कच्च्या रस्त्याने जावं लागतं आणि पाऊस झाला की तो रस्ता गाडीला जाऊ देत नाही. १९२२ साली अलेक्झांडर रिंगहॉफर नावाच्या खाणी शोधणाऱ्या माणसाने हा भाग पाहिला आणि हे पर्यटकांना दाखवायला हवं म्हणून रेल्वे कंपनीच्या लोकांना घेऊन आला. त्यातूनच पुढे १९२९ साली आर्चेस नॅशनल मॉन्युमेंट झालं, १९७१ साली राष्ट्रीय उद्यान. त्याने कमानीच्या पायाशी कोरलेलं नाव अजून आहे. आज तसं कोरणं गुन्हा आहे, पण ते अक्षर बघताना मला त्या माणसाचं अप्रूप वाटतं.

मागच्या नोव्हेंबरात मी त्या कमानीच्या मागच्या बाजूला दोन थरांच्या रेघेवर तळहात ठेवून बसले होते. आठ दिवसांपूर्वी पाऊस पडून गेलेला. वरचा दगड कोरडा, उन्हाने कोमट. चार बोटं खाली, रेघेपाशी, गार आणि दमट. तिथे मिठासारखी पांढरी भुकटी फुलून आली होती. हात उचलला तर तळव्यावर लाल कण चिकटलेले, साखरेपेक्षा बारीक, आणि रेघेखालच्या लहानशा कट्ट्यावर तशाच कणांची नखाएवढी रास. वारा आला की तिच्यात दोन-चार कणांची भर पडत होती. ऐंशी-नव्वद फुटांची कमान या वेगाने तयार होते. तुम्ही तिघं कुठेही असाल, एकदा तरी असा दहा मिनिटं हात ठेवून बसा. पुस्तकातलं सगळं त्या हातात येतं.

आर्चेसच्या बाहेर खडक बदलतो आणि खुणाही बदलतात. मोआबजवळ कोलोरॅडो नदीच्या कडेने नॅव्हाहो वालुकाश्म आहे, जास्त जाड, जास्त एकसंध. तिथे नजर वर ठेवायची. कड्याच्या माथ्यावर पाणी साठून रांजणखळगे होतात, ते खोल होत जातात आणि कड्याच्या पोटातली कपार मागे सरकत येते. दोन्ही भेटले की छताला भोक पडतं. कोरोना आर्चच्या वाटेवरची बो टाय आर्च अशीच वरून पडलेल्या भोकाची आहे. आर्चेसमधली डबल आर्चही त्याच जातीची. आणखी दक्षिणेला, कॅन्यनलँड्सच्या नीडल्स भागात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सीडर मेसा वालुकाश्म लागतो. ड्रुइड आर्च त्यातली. जाऊन-येऊन जवळपास अकरा मैल, बराचसा एलिफंट कॅन्यनच्या तळातून. शेवटी एक लोखंडी शिडी आणि दगडांची चढण. एकच लांबचा दिवस काढणार असाल तर तो याच कमानीसाठी काढा. डेलिकेट आर्चपेक्षा मला ती जास्त आवडते. तिच्यापाशी पोचेपर्यंत ती दिसतच नाही आणि दिसते तेव्हा मान मागे टाकावी लागते.

आता धोक्याबद्दल. सह्याद्रीचा बसाल्ट हाताला खरं सांगतो: खोबण पक्की असेल तर पक्की असते. वालुकाश्मावर हा भरवसा सोडून द्या. उघड्या गुळगुळीत कातळाला इथे स्लिकरॉक म्हणतात. नालवाल्या घोड्यांचे पाय त्यावर घसरायचे म्हणून हे नाव पडलं. रबरी तळव्याला मात्र कोरडा स्लिकरॉक विलक्षण धरतो, सँडपेपरसारखा. आणि घात तिथेच आहे. उभ्या उतारावर माणूस हातही न टेकवता चढत जातो आणि आपण किती वर आलो हे कळत नाही. चढताना डोळे दगडाजवळ असतात, पुढची पायरी समोर दिसते. उतरताना कातळ बाहेरच्या बाजूला गोल होत नजरेआड जातो, पाय कुठे पडणार ते दिसत नाही आणि तळव्याखाली सुटे कण गोट्यांसारखे फिरतात.

बारा वर्षांपूर्वी मी यात सापडले होते. उद्यानाबाहेर, जमिनीपासून चाळीसेक फुटांवर एक खिडकीएवढं भोक दिसलं. उतार सोपा वाटला. वर गेले, भोक मोजलं, फोटो काढले, वळले. खाली उतार दिसेना, फक्त एक गोलवा आणि त्यापलीकडे खाली जुनिपरच्या झाडाचा शेंडा. पहिलं पाऊल टाकलं तसं पायाखालची वाळू सरकली आणि मी मट्कन खाली बसले. अडीच तास तिथेच होते. सोबतचा मित्र वळसा घालून मागून वर आला आणि त्याने दोर टाकला, तेव्हा सुटका झाली. त्या अडीच तासांत एक नियम पक्का केला आणि तो आजवर मोडलेला नाही: कातळावर दर दहा फुटांनी थांबायचं आणि तीन पावलं खाली उतरून बघायचं. सहज उतरता आलं तर पुढे. जरा जरी चाचपडावं लागलं तर ती कमान खालून बघायची. तुमच्यातला जो सगळ्यात तयार गडी आहे, त्याला हा नियम सगळ्यात आधी सांगा. अडकतो तो बहुतेक तोच.

ओल्या वालुकाश्माला हात लावू नका. पाणी आत गेलं की कणांची पकड ढिली होते आणि एरवी भक्कम असलेली खोबण हातात तुटून येते. वरून कोरडा दिसतो, आतून नसतो. चांगला पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस चढाईचे बेत बाजूला ठेवून सपाट वाटा करायच्या.

कमानीवर उभं राहून फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडा. आर्चेसमध्ये नाव असलेल्या कमानींवर चढायला बंदीच आहे, पण बंदी नसती तरी मी हेच सांगितलं असतं. लँडस्केप आर्च जवळपास ३०० फूट लांब आहे आणि मधे फितीसारखी पातळ. सप्टेंबर १९९१ मध्ये तिच्या खालून सुमारे ६० फूट लांबीचा ढलपा सुटला. खाली बसलेल्या लोकांना आधी कडकड आवाज आला म्हणून ते बाजूला पळाले आणि वाचले. तेव्हापासून तिच्या खालची वाट बंद आहे. १९९२ साली नॅचरल ब्रिजेसमधल्या काचिना पुलातून सुमारे ४,००० टन दगड कोसळला. वॉल आर्च ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत पडली. आदल्या दिवशी लोक तिच्याखालून गेले होते, सकाळी वाटेवर दगडांचा ढीग. उलटही होतं: १९४० साली स्कायलाइन आर्चमधून एक मोठी शिळा निसटली आणि तिचं भोक जवळपास दुप्पट झालं. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत चाललेलं काम आहे. युटा विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ कमानींवर भूकंपमापक ठेवून त्यांची कंपनं मोजतात. प्रत्येक कमान आपापल्या सुरात सतत थरथरत असते आणि ऊन-थंडीबरोबर तो सूर बदलतो. हे कळल्यावर तिच्या पाठीवर उडी मारावीशी मला तरी वाटत नाही.

कोरोना आर्चवरून दोर बांधून झोका घ्यायचं वेड काही वर्षांपूर्वी आलं होतं. २०१३ साली त्यात एका तरुणाचा जीव गेला, दोराची लांबी चुकली होती. २०१५ साली तिथे त्यावर बंदी आली.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. ऑक्टोबर असला तरी. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, अंगावरच वाळतो, आणि आपण तहानलेलो आहोत हे डोकं दुखायला लागल्यावर कळतं. सोबत खारट काहीतरी खात राहा, नुसतं पाणी पीत गेलात तरी त्रास होतो. रांजणखळग्यातलं पाणी पिण्यासाठी नाही आणि हात-पाय धुण्यासाठीही नाही. त्या वाटीभर पाण्यात इवल्या कोळंबीसारखे जीव असतात, त्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून पुन्हा पावसात उबतात. अंगाला लावलेलं सनस्क्रीन त्यात उतरलं तर ते मरतात.

पुराचा मुख्य काळ जुलै ते सप्टेंबर, पण ऑक्टोबरातही वादळं येतात. अरुंद घळीत शिरण्याआधी फक्त डोक्यावरचं आकाश बघून भागत नाही. ओढ्याचा उगम ज्या बाजूला आहे तिकडचा अंदाज बघावा लागतो, कारण पाऊस मैलोगणती दूर पडतो आणि पाणी तुमच्या उन्हात येतं. आत गेल्यावर भिंतींवर काटक्या-गवत कुठल्या उंचीला अडकलंय ते बघत चला. ते डोक्याच्या वर असेल आणि बाजूला चढून जायला जागा नसेल, तर ढगाळ दिवशी तिथे थांबायचं नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. फिनांच्या मधे जमिनीवर काळी, खडबडीत, फुगीर माती दिसेल. ती जिवंत आहे. सूक्ष्म जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी चिकट धाग्यांनी वाळू बांधून धरलेली असते. वाळवंटात झाड उभं राहतं ते तिच्या जोरावर. एका बुटाचा ठसा भरून यायला दशकं जातात. आणि नकाशावर नसलेल्या कमानी शोधणारा माणूस नेमका वाट सोडून चालतो. म्हणून वाट सोडायची असेल तर दोनच गोष्टींवर पाय ठेवायचा: उघडा कातळ, नाहीतर कोरड्या ओढ्यातली मोकळी वाळू. ही दोन्ही सलग मिळत नसतील तर ती कमान आपल्यासाठी नाही, दुर्बिणीतून बघावी. वाटेवर दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या दिसतील, त्या मार्गाच्या खुणा आहेत. नव्या रचू नका, असलेल्या पाडू नका. तुमच्या मागून येणारा तिच्यावर विसंबून वळतो.

पाच दिवसांचं मी असं करेन. पहिला दिवस आर्चेसमधल्या डेव्हिल्स गार्डन भागात. लँडस्केप आर्चपर्यंत वाट सोपी आहे, वडील आरामात येतील. पुढे डबल ओ आर्चपर्यंत फिनच्या माथ्यावरून चालावं लागतं, दोन्ही बाजूंना उतार असतो, तिथे तुम्ही तिघं जा. परतीला प्रिमिटिव्ह ट्रेलने वळसा घाला आणि मी वर लिहिलेल्या खुणा एकेक तपासत या. हा दिवस शाळेचा समजा. विंडोज आणि डबल आर्च त्याच दिवशी संध्याकाळी, जवळजवळ सपाट वाट आहे, वडिलांसोबत. दुसऱ्या दिवशी उद्यानाबाहेर: सकाळी कोरोना, दुपारी ग्रँडस्टाफ कॅन्यनमधला मॉर्निंग ग्लोरी पूल. २४३ फूट लांबीचा तो पूल कड्याला इतका चिकटून आहे की पुलाखाली पोचेपर्यंत मधली फट कळत नाही. तिथे झऱ्याच्या कडेला तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही दाट आहे, अंगाला लागली तर आठवडाभर खाज. हात खिशात ठेवा. तिसरा दिवस ड्रुइडचा, पहाटे निघून. चौथा क्लोंडाइक ब्लफ्स, आणि तिथून परतताना डेलिकेट. तिची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, साधारण ५०० फूट चढ, बहुतेक उघड्या कातळावरून. सूर्यास्ताला तिथे गर्दी असते, तरी जा, तो प्रकाश खराच तसा असतो. परत येताना अंधार होतो, म्हणून प्रत्येकाच्या डोक्याला बॅटरी हवी. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो आणि थंडी लगेच उतरते.

फायरी फर्नेस म्हणून फिनांचा एक चक्रव्यूह आहे. तिथे परवान्याशिवाय किंवा रेंजरशिवाय जाता येत नाही आणि जागा फार आधी भरतात. मिळाली तर वरच्या बेतातला कुठलाही दिवस मोडून तिथे जा. फोनवरचा नकाशा त्या उंच भिंतींमध्ये भरवशाचा राहत नाही. दर वळणावर मागे वळून बघायची सवय तिथेच लागते, कारण परतताना तीच गल्ली अनोळखी दिसते. प्रवेशाच्या वेळा आणि आरक्षणाचे नियम आर्चेसमध्ये मधूनमधून बदलतात, निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

रेनबो ब्रिजबद्दल कोणीतरी सुचवेलच. २९० फूट उंचीचा तो पूल बघण्यासारखा आहे, पण लेक पॉवेल या जलाशयावरून बोटीने, नाहीतर नॅव्हाहो नेशनचा, म्हणजे नॅव्हाहो या मूळ रहिवाशांच्या स्वायत्त प्रदेशाचा, परवाना काढून दोन-तीन दिवसांच्या पायपिटीने जावं लागतं. पाच दिवसांत तो कोंबू नका. कधी गेलात तर त्याच्या खालून जाऊ नका. नॅव्हाहो, पायूट आणि आसपासच्या इतर लोकांसाठी ती पवित्र जागा आहे आणि उद्यानाकडूनही तशीच विनंती असते.

पाचवा दिवस पूर्ण वडिलांचा ठेवा, नॅचरल ब्रिजेसला. मोआबहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. तिन्ही पूल गाडीरस्त्यावरच्या सज्जांवरून दिसतात आणि त्यातल्या ओवाचोमो पुलापर्यंत उतरायची वाट अगदी छोटी आहे. १८० फूट लांब आणि मधे फक्त ९ फूट जाड असा तो पूल आहे, तिन्हींत सगळ्यात नाजूक. शक्य असेल तर तिथेच रात्र काढा. जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून २००७ साली त्याचीच निवड झाली. अमावस्येच्या आसपासची रात्र असेल तर पुलाच्या काळ्या कमानीखालून आकाशगंगा सरळ दिसते. पुलावर टॉर्च मारून फोटो काढू नका. शेजारच्या माणसाच्या डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागलेली असतात, ती एका क्षणात वाया जातात.

आणि नावाशिवायची कमान खरंच सापडली तर? उद्यानाच्या नोंदीत जाण्यासाठी भोक कुठल्या तरी एका दिशेने किमान तीन फूट आरपार असावं लागतं. चढू नका. खाली एका माणसाला उभं करून त्याच्या उंचीसकट दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, भोक कुठल्या दिशेला उघडतं ते होकायंत्राने लिहून ठेवा, खालचा आणि वरचा थर कोणता, रेघ कुठे आहे, ताजे चट्टे आहेत का, तेही लिहा. स्थानाचे आकडे समाजमाध्यमांवर टाकू नका, महिनाभरात त्या काळ्या मातीत पायवाट पडते. फोटो आणि वही घेऊन व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजरला दाखवा. बहुतेक वेळा ती आधीच नोंदवलेली निघते, आणि मग रेंजर आत जाऊन तिचा नोंदणी क्रमांक काढून देतो. माझ्या वहीत असे सतरा क्रमांक आहेत.